शंभर किलोंची अट

ताटात तांदळाच्या सहा भाकऱ्या, चार उकडलेली अंडी, वाटीभर तूप आणि पाच केळी होती. एवढंच सगळं तासाभरापूर्वीही एकदा पौर्णिमाच्या पोटात गेलं होतं.

वजन उतरवायच्या ऑपरेशनचा खर्च विमा कंपनी देणार होती, पण तिच्या उंचीच्या बाईचं वजन निदान शंभर किलो असलं तरच. नवऱ्याने, कपिलने, सकाळीच तिला कडावच्या आपल्या भातगिरणीत नेऊन, पोती तोलायच्या काट्यावर हमालांदेखत उभं केलं होतं. शहाण्णव भरले.

"जल्मभर म्हशीवानी चरलीस, आन् आता चार किलो वाढवता येत नाय व्हय गं?"

"अवो, नाय जात आता. उलटी व्हईल."

"झाली तर तीबी गिळायची."

लग्न झाल्यापासून तो तिला जाडेपणापायी पट्ट्याने फोडून काढत आला होता. ऑपरेशन झालं की मार थांबेल, या एकाच आशेवर तिने दोन भाकऱ्या कशाबशा आत ढकलल्या. तिसरीला मात्र तोंड फिरवलं. कपिलचा ठोसा सरळ जबड्यावर बसला आणि हाड दोन जागी मोडलं.

कर्जतच्या डॉक्टरांनी तिचे वरचे-खालचे दात तारेने घट्ट बांधले. दीड महिना ती नळीने पेज आणि डाळीचं पाणी ओढत राहिली. तारा निघाल्या त्याच आठवड्यात विमा कंपनीच्या डॉक्टरने तिला काट्यावर उभं केलं.



अठ्ठ्याऐंशी किलो, सातशे ग्रॅम.