तिसऱ्या ओळीनंतरचा थांबा

शिल्पा पुन्हा तिसऱ्या ओळीनंतर थांबली.

इस्त्री चालू होती, गुणगुणणं बंद. जयंत जिन्यात उभा, हातातल्या मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू. मग तिने उरलेलं गाणं उचललं, तेही पट्टी सोडून, चांगलंच खालून, आणि सुरात एक बारीक थरथर घेऊन. जयंतने मोबाइल आणखी पुढे धरला.

गाणं म्हणजे एक जुनं भावगीत. मूळ ध्वनिमुद्रिकेत तिसऱ्या ओळीनंतर थांबा नाही. श्वाससुद्धा नाही. हे जयंत छातीठोकपणे सांगू शकत होता, कारण लंडनजवळच्या वॉटफर्डच्या मराठी मंडळात 'मूळ आणि नक्कल' हा उपक्रम तोच चालवायचा. लोक जमत, आधी मूळ गाणं ऐकत, मग तेच कुणीतरी नव्याने गायलेलं ऐकत, आणि मग जयंत सांगेल त्याला मत देत. नक्कल आजवर एकदाही जिंकली नव्हती. स्वतः गाणं त्याने केव्हाच सोडलं होतं. परीक्षकाने गाऊ नये, असं त्याचं मत होतं, आणि त्याला कुणी विरोध केला नव्हता.

माणूस गाणं जसं मनापासून ऐकतो तसंच गुणगुणतो, हा त्याचा सिद्धांत. त्यावर त्याने मंडळात व्याख्यानही दिलं होतं. आता तोच सिद्धांत त्याच्या घरात शिरला होता. कुणीतरी शिल्पाला हे गाणं असं थांबून, असं खाली उतरून ऐकवलं होतं. आणि ते तिला आवडलं होतं, कारण त्या थांब्यात ती दरवेळी हसायची. इतक्या वर्षांचा संसार त्या थांब्यावर येऊन उभा राहिला.

युट्यूबवर त्या गाण्याच्या सापडतील तेवढ्या नकला त्याने ऐकल्या. न्यू जर्सीची एक डॉक्टरीणबाई, पुण्याचा एक बासरीवाला, गिटार घेऊन डोंगरावर बसलेलं एक जोडपं. थांबत कुणीच नव्हतं. गाणी ओळखणाऱ्या ॲपनेही हात वर केले. याचा अर्थ एकच. ही नक्कल बाजारात नव्हती. ती खासगी होती.

शेवटी शिल्पाचा आवाज कळू नये म्हणून त्याने ते सगळं, थांब्या-थरथरीसकट, पेटीवर वाजवलं आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. 'कुणाची आवृत्ती? ओळखा.'

पहिलं उत्तर नकुलचं आलं. 'गाणाऱ्याला थंडी वाजत होती का रे?'

नकुल जवळच्याच स्लाऊ गावचा. कॅराओकेत माइक न सोडणारा, आणि शिल्पाच्या आमटीचं जरा जास्तच कौतुक करणारा. याला थंडीचं काय ठाऊक? जयंतने त्याला रविवारी जेवायलाच बोलावलं.

"पानं मांडेपर्यंत ते गाणं म्हण की," जयंत म्हणाला.

"आत्ता? अरे, वहिनी फोडणी करतायत. ठसका लागेल मला."

"म्हण."

जेवायला बोलावलेल्या माणसाशी असं बोलत नाहीत, हे नकुलच्या लक्षात आलं. त्याने निमूटपणे म्हटलं. तिसरी ओळ आली. जयंत खुर्चीत पुढे सरकला. नकुल थांबला नाही. सरळ, एका पट्टीत, अगदी मुळासारखं गाऊन मोकळा झाला. एका निर्दोष माणसाला आता श्रीखंड वाढायचं, हे जयंतच्या जिवावर आलं.

तेवढ्यात मोहरी तडतडली, धूर वर गेला आणि छताला लावलेला धुराचा अलार्म किंचाळायला लागला. जयंत सवयीने उठला आणि अलार्मखाली उभा राहून टी टॉवेल झटकू लागला. अलार्म गप्प झाला. आणि शेगडीपाशी गाणं सुरू झालं. तिसऱ्या ओळीच्या पुढचं. खालून, थरथरत. शिल्पा स्वतःशी हसत होती.

टॉवेल जयंतच्या हातातच राहिला.

"कुणाचं आहे हे?"

नकुल पापडाकडे बघू लागला.

"काय कुणाचं?" शिल्पा म्हणाली.

"हे थांबणं. हे खाली उतरणं. मी सगळ्यांचं ऐकलंय, शिल्पा. कुणी म्हटलं होतं हे तुझ्यापुढे?"

"एडिनबराला," ती म्हणाली. लपवण्यासारखं काहीच नसल्यासारखी. "हॉस्टेलवर. माझ्याच फोडणीने अलार्म वाजला आणि सगळी बिल्डिंग बाहेर हिरवळीवर. गाणं अर्धं राहिलेलं, ते त्याने तिथे उभं राहून पूर्ण केलं. दात वाजत होते बिचाऱ्याचे. सूर कुठला राहतोय!"

जयंतलाही तो अलार्म आठवला. हिरवळ आठवली, वैतागलेला फायरमन आठवला, पायातल्या भिजलेल्या सपाता आठवल्या. फक्त गाणारा आठवेना. तेव्हा तिथे मराठी मुलं मोजकीच होती. त्याने एकेकाला मनात उभं करून नीट तपासलं. सगळेच संशयास्पद होते.

"इतका बेसूर माणूस," तो शेवटी म्हणाला, आणि आता त्याचाच आवाज खाली उतरला होता, "आणि तू अजून त्याचं गुणगुणतेस? पाहिलंस तरी काय त्याच्यात?"

शिल्पाने फोडणी आमटीवर ओतली. चुर्र झालं. ते निवेपर्यंत ती थांबली.

"आईपण हेच विचारत होती," ती म्हणाली, "आपलं लग्न ठरलं तेव्हा."