शिमगा गेला तरी

"शिमगा गेला तरी कवित्व राहिलंय, अक्का. चला तुम्ही!" म्हणत कॉलेजच्या पोरींनी हौसाक्काला गॅदरिंगच्या मांडवात पहिल्या रांगेत आणून बसवलं.

'शिमगा' हा तिच्या लेकाचा पंक बँड. पोरं माळ्यावर कल्लोळ करू लागली की ती खालून कडाडायची, "मुडद्यांनो, काय शिमगा मांडलाय?" त्यांनी तेच नाव घेतलं, त्याचंच गाणं केलं. वर्षभर गावोगावी दणका उडवला आणि एका कार्यक्रमावरून परतताना लेकाची गाडी उलटली.

चितेला अग्नी देऊन बापानं तोंडावर उलटा हात मारत बोंब ठोकली म्हणे. बायका मसणात जात नाहीत. हौसाक्का घरीच राहिली, कोरड्या डोळ्यांनी.

"गिटार हाय का पत्रा गं?" तिनं पोरींना टोमणा हाणला. पोरी हसल्या आणि स्टेजवर लेकाचं गाणं सुरू झालं. अख्खा मांडव ओरडला, "मुडद्यांनो, काय शिमगा मांडलाय!"

हौसाक्का ताडकन उठली. उलटा हात तोंडावर मारत तिनं बोंब ठोकली. म्हातारी रंगात आली म्हणून पोरांनीही हात तोंडाला लावले.

गाणं संपलं. सगळे थांबले. तिचा हात थांबेना.