दिवाणाखालचं वजन

संध्या अंबडहून आपला व्हॅक्युम क्लीनर दाखवायला घेऊन आली आणि दारातच चालू केला, तेव्हा तिच्या मोठ्या जावेनं, वंदनानं, नाक मुरडलं.

"हे कुठून उचललंस गं? नुसतं घरघर करून राह्यलंय."

"हलका आहे म्हणून घेतला, ताई. उभ्यानंच झाडता येतं."

"ह्याला हलका म्हणतात व्हय? थांब, माझा दाखवते."

वंदनाचा क्लीनर दोन बोटांनी उचलता येतो, हे तिनं जालन्यातल्या झाडून साऱ्या पाहुण्यांना सांगितलं होतं. तिनं तो झोकात दिवाणाखाली घातला. बाहेर ओढताना मात्र तो जड लागला. तिनं बटण बंद करून धुळीचं भांडं उघडलं. आत चिमूटभर धूळ होती.

संध्यानं तो एका हातानं सहज उचलला. "बिलकुल जड न्हाई की, ताई."

वंदनानं तो हिसकावून घेतला, तर पुन्हा तसाच जड.

"तुला वजनातलं काय कळतंय," असं म्हणत तिनं संध्याचा उचलून पाहिला. तोही तितकाच जड होता.

"दोन्ही भंगार," ती तुच्छतेनं म्हणाली आणि तो फरशीवर ठेवून दिला.

हात मोकळा झाला. वजन मात्र उतरलं नाही.

"ताई, तुमचा खांदा असा का झुकलाय?" संध्यानं विचारलं.

वंदनाचा रिकामा हात, कुणी बोट धरून न्यावं तसा, सावकाश, अगदी मायेनं, दिवाणाकडं ओढला जात होता.