विसराईचं देऊळ

“देवळाचं दार उघडंच आहे,” चंद्रप्रकाश म्हणाला. “आत शिरायचं की मागे फिरायचं, ते तुम्ही बोला.”

तो खाटेवर दोन उशांना टेकून बसला होता. खाली चटईवर त्याची धाकटी बहीण प्रेमा आणि शेजारच्या चाळीतला त्याचा दोस्त बाळ. बाळचा मामा बोटीवर नोकरीला होता, त्याने परदेशातून हा खेळ आणला होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने जग रचून गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या जगात एकेक माणूस होऊन हिंडायचं, आणि वार लागला की हुकला ते चित्रविचित्र फाशांवर ठरायचं. अंथरुणाला खिळल्यापासून चंद्रप्रकाशने असं एक अख्खं जग रचलं होतं. राजे, राक्षस, डोंगर, देव. दर रविवारी दुपारी मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत ते मांडलं जायचं.

“शिरलो,” बाळ म्हणाला. तो खेळात तलवारबाज होता. “कोण आहे आत?”

“एक म्हातारी पुजारीण. देवीला नाव नाही. होतं, पण कोणाला आठवत नाही. म्हणून नुसती विसराई.”

प्रेमाला हसू आलं.

“या खोऱ्यात एके काळी घरोघर तिची पूजा व्हायची,” चंद्रप्रकाश सांगू लागला. “कोणाचं माणूस गेलं की लोक इथे यायचे. देवी त्यांच्या मनातून ते माणूस काढून घ्यायची. नाव, तोंड, आवाज, सगळं. रडत आलेले हसत घरी जायचे.” त्याला धाप लागली. तो थांबला. “पण मग आपण देवळात कशाला गेलो होतो, तेच त्यांना आठवायचं नाही. पुन्हा कोणी फिरकायचं नाही. असा तिचा पंथ बुडाला. ही पुजारीण तेवढी उरली. तिने स्वतः कधी वर मागितला नाही. खोऱ्यातली सगळी मेलेली माणसं आता तिला एकटीला आठवतात.”

प्रेमाचं हसू विरलं.

चंद्रप्रकाशचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. परळच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी वडिलांना आणि प्रेमाला बाहेर बोलावून सांगितलं होतं, लिव्हरचा कॅन्सर आहे, फार पुढे गेलाय, घरी घेऊन जा. घरी आल्यावर आईने, सुगंधाने, सगळं ऐकून घेतलं आणि एकच ठरवून टाकलं. चंदूला कावीळ झालीय. रोज उसाचा रस आणायचा. घरात कोणी डोळ्यांतून पाणी काढायचं नाही. कुंदाआत्या रडवेलं तोंड करून आली, तर तिला जिन्यावरूनच परत पाठवलं. स्वतः सुगंधा दिवसभर स्वयंपाकघरात असायची. मुलासमोर यायची ती हसतच.

“पुजारीण केतकीशी बोलतेय,” चंद्रप्रकाश म्हणाला. केतकी म्हणजे प्रेमा. “ती म्हणते, तुझ्या घरातलं एक माणूस लवकरच जाणार. वर आत्ताच मागून ठेव. मग त्रास व्हायचा नाही.”

“काय यार चंदू, लढाईबिढाई आहे की नाही?” बाळने विचारलं. पण त्याने मान वर केली नाही. त्यालाही माहीत होतं.

“केतकी वर मागत नाही,” प्रेमा म्हणाली.

“फासा तरी टाकून बघ.”

“नको. मला नकोय तो वर.”

“मग म्हातारीच्या जागी बसावं लागेल. जन्मभर.”

“बसते.”

चंद्रप्रकाश तिच्याकडे बघत राहिला. “बस. तिथे कोणीतरी हवंच.”

प्रेमाने हातातला फासा खाली ठेवला. तिला विचारायचं नव्हतं, तरी विचारून गेली. “दादा, जो जाणार असतो, त्याला ठाऊक असतं?”

“त्याला सगळ्यांच्या आधी कळतं. घरचे सांगतात कावीळ आहे. मग तो रस पितो. तेवढंच त्यांना बरं वाटतं.”

बाळ उठून खिडकीपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. प्रेमाने तोंडावर ओढणी दाबून धरली. आतल्या खोलीतला स्टोव्हचा आवाज मघाशीच बंद झाला होता, ते तिघांपैकी कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

“रडू नको गं,” चंद्रप्रकाश म्हणाला. “आता तू पुजारीण. तुला पहिलं काम सांगतो. मी गेलो की आईला तिकडे घेऊन जा. तिला वर दे. बाबा कसेबसे सावरतील, तिला नाही जमायचं. माझं नावसुद्धा काढून घे तिच्या मनातून. चंदू म्हणून कोणी नव्हताच. एकच मुलगी होती तिला. करशील ना?”



मधल्या दारात सुगंधा उभी होती. हाताला भाकरीचं पीठ तसंच होतं. किती वेळ उभी होती कोण जाणे. आज तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, आणि ते आणायची खटपटही तिने केली नाही. ती येऊन खाटेच्या कडेला बसली. त्याचे सुजलेले पाय तिने उचलून आपल्या मांडीवर घेतले. पीठ त्याच्या घोट्यांना लागलं. तिने ते पुसलं नाही.

“आई...” चंद्रप्रकाश म्हणाला.

“झिला,” ती म्हणाली, “मी येवचंय नाय तुझ्या त्या देवळात. माका कायेक विसरूचा नाय.”