दसऱ्याचं ऑइल

फटफटी सुरू होताच निळ्या धुरानं गॅरेज भरलं. कुमुदबाई घाबरून पुढे झाल्या. गेलेल्या यजमानांची तेवढीच तर आठवण होती.

"ऑइल जळतंय, काकू. इंजिन गळ्यापर्यंत भरलंय," अन्वर मेस्त्री म्हणाला. "किती ओतलंत?"

"दर दसऱ्याला डबाभर. हे ओतायचे तसंच."

"आधीचं न काढता? गाडीखालचा बोल्ट सोडून जुनं ऑइल काढायचं असतं."

बाई वाकून गाडीखालचा बोल्ट बघू लागल्या. जन्मात देवापुढे हात न जोडलेला माणूस दसऱ्याला गाडीपुढे आडवा पडायचा, आणि त्या दारातून कौतुकानं बघायच्या.

"इंजिन वाचेल ना रे?"

"वाचेल. पण काका जुनं काढायचे, ते कधी बघितलं नाहीत?"

"बघितलं होतं," बाई पुटपुटल्या.

ते गेल्यापासून तीन दसरे त्याही गाडीला लोटांगण घालत आल्या होत्या.