नचिकेतचा गांधार

२०६८ साली मिरजेच्या गानशिक्षिका केतकीताईंचे कान पार गेले. तेव्हा बहिऱ्यांच्या कानात चिप बसवत, आणि एकदा बसवली की ती जन्माची सोबत.

"आजी, दोन कंपन्यांच्या आहेत, एक निळी, एक लाल," तंत्रज्ञ झोयानं पाटीवर लिहून दाखवलं. "दशांशांची गणितं निळी दसपट वेगानं करते. चाचणीत तीच पहिली."

"माझी चाचणी वेगळी. नचिकेत, तुझा चहाच्या वेळचा भूप म्हण."

नवरा गायला. कानामागे तात्पुरत्या चिकटवलेल्या निळ्या चिपमधून तो इतका सुरेल उमटला की केतकीताई दचकल्याच.

"अगं, हा परपुरुष कोण?"

झोया हसली. "वेगासाठी ती बारीक अपूर्णांक गाळते. सूर आपोआप जवळच्या स्वरावर बसतो."

लाल चिपमधून आवाज जरा रेंगाळत आला, पण गांधार नेहमीसारखाच घसरलेला होता. केतकीताईंचे डोळे भरले.

"हीच बसव."

"म्हणजे मी बेसूरच का?" नचिकेत फुरंगटला.

"मला जन्मभर जे जमलं नाही, ते चिपनं परस्पर करायचं होय रे?"

पुढे निळी चिप घरोघर गेली. झोयानं आपल्या चाचणीत बेसूर गाणंही घातलं. नचिकेत अखेरपर्यंत गांधार चुकवत राहिला. तो गेल्यावर केतकीताई शिष्यांना गांधार शिकवताना आधी त्याचा म्हणून दाखवत, मग खरा.