काटा उतरतोय

"किती?" मिस्त्रीने गाडीखालून ओरडून विचारलं.

"साडेचार," चालकाच्या सीटवरून भाऊजींचा आवाज आला. "आणि उतरतोय."

मिस्त्रीने दातओठ खाल्ले. सकाळपासून तो पाठीवर पडून एकेका सांध्याला साबणाचा फेस लावत होता. हवा कुठून निसटत असती तर तिथे बुडबुडा आला असता. बुडबुड्याचा पत्ता नव्हता. फेस आला होता तो मिस्त्रीच्याच तोंडाला.

बस म्हातारी होती, पण तिची प्रत्येक खोड त्याला पाठ होती. ब्रेक हवेच्या दाबावर चालणारे. टाकीत दाब आठवर असला की घाटाची चिंता नाही, पाचाच्या खाली गेला की गाडी जागची हलवायची नाही. आठवडाभर भाऊजी रोज गाडी सुरू करत आणि तोच पाढा वाचत. काटा उतरतोय. कॉम्प्रेसर उघडून झाला, नळ्या बदलून झाल्या, झडपा बदलून झाल्या. एवढ्या कमी दाबाला इशाऱ्याचा भोंगा वाजायला हवा, तर तोही गप्प. म्हणून त्याने भोंगाही बदलला. नवा भोंगाही मुक्यासारखा बसून राहिला. मिस्त्रीचं डोकं भंजाळून गेलं.

"भाऊजी, जा, चहा घ्या. मी बघतो."

भाऊजी दांडीला धरून सावकाश उतरले, एकेक पायरी पायाने चाचपत. गुडघे गेलेत, म्हणायचे. फाटकाशी ताई, मिस्त्रीची थोरली बहीण, डबा घेऊन उभीच होती. हल्ली ती नवऱ्याला रोज सोडायला येई आणि न्यायलाही येई, वर हातात हात. गॅरेजातली टवाळ मंडळी म्हणत, "काकांना उतारवयात पालवी फुटलीय!" आताही तिने चहाचा पेला त्यांच्या हातात दिला आणि त्यांची बोटं नीट मिटेपर्यंत आपला हात काढला नाही. मिस्त्रीला चीड आली. लाडालाही काही वेळकाळ असतो.

त्याने टाकीला आपलं स्वतःचं मीटर लावलं आणि इंजिन चालू केलं. काटा चढत चढत आठवर गेला आणि तिथेच थांबला. तो टक लावून बघत राहिला. काटा केसभरही हलला नाही.

म्हणजे चालकासमोरचं मीटरच बिघडलं! एवढी साधी गोष्ट! तो उडी मारून वर चढला, गाडीचं मीटर काढलं, नळीच्या तोंडाला बूच मारलं आणि मीटर टेबलावर नेऊन तपासलं. चोख. कणभरही फरक नाही.

टाकी खरी, मीटर खरं. मग खोटं कोण बोलतंय?

त्याला संताप आला. याच माणसाने त्याला बोट धरून या गॅरेजात आणलं होतं. आयुष्यभरात गाडीला ओरखडा नाही, रजेचा अर्ज नाही. आणि आता निवृत्ती तोंडावर आल्यावर अंगचोरी? तीही सख्ख्या मेहुण्याच्या जिवावर?

"काय ठरलं?" मॅनेजर टेबलाशी येऊन उभा राहिला. "डोंगरावरच्या दवाखान्याचे पेशंट कधीचे ताटकळलेत. माझ्याकडे एकच गाडी आणि एकच ड्रायव्हर. आज गाडी निघाली नाही, तर उद्या तू येऊ नकोस."

मिस्त्रीने टेबलावरचं सगळं घाईघाईने फडक्यासकट खिशात कोंबलं. "निघेल साहेब. गाडीत काहीही दोष नाही."

भाऊजी आणि ताई फाटकाजवळच्या बाकावर बसले होते, तिकडे तो तडक गेला.

"भाऊजी, गाडी ठणठणीत आहे. मी माझ्या मीटरने बघितलं."

"मला भरवसा वाटत नाही रे."

"गाडीचा?"

भाऊजींनी हाताने बाक चाचपून पेला खाली ठेवला. ताई डब्याच्या कडीशी चाळा करत राहिली.

"माणसं भरलेली असतात," शेवटी ते म्हणाले. "घाट आहे."

"घाट काय आज उगवला? साहेब मला उद्यापासून घरी बसवतोय. पोरं लहान आहेत माझी. माझ्या पोटावर पाय देऊ नका, एवढंच सांगतो."

हे फार लागेल असं बोलून गेलो, हे त्याला बोलता बोलताच कळलं. भाऊजींनी तोंड ताईकडे वळवलं.

"थोडेच महिने उरलेत," ती हळूच म्हणाली. "एवढे निभावले की..." मग ती उठली. "आज मीही येते. पुढच्या सीटवर बसेन."

"तू कशाला?" मिस्त्रीने विचारलं.

"सोबत."

पेशंट चढले. कुबड्या घेतलेली एक आजी, तापाने मलूल झालेलं लेकरू खांद्यावर घेतलेली एक बाई, आणखी कितीतरी. आजीला मिस्त्रीनेच उचलून वर बसवलं. आपण भाऊजींना नको तेवढं टोचून बोललो, संध्याकाळी घरी जाऊन माफी मागू, असं त्याने मनाशी ठरवलं.

मग तो नेहमीसारखा मागच्या चाकापाशी जाऊन उभा राहिला. मिस्त्रीने विचारायचं आणि चालकाने मीटर वाचून सांगायचं, त्याशिवाय इथून गाडी फाटकाबाहेर पडत नसे.

"किती, भाऊजी?"

आरशात भाऊजींची मान मीटरच्या बाजूला झुकलेली दिसली. नीट बघायला लागतो तेवढा वेळ त्यांनी घेतला.

"आठ," ते म्हणाले. "काटा जागेवर आहे."

"हे कसं बोललात!" मिस्त्रीने पत्र्यावर थाप मारली.

बस फाटकातून बाहेर पडली. वळणावर ब्रेक लागले, हवा फुस्सकन सुटली, अगदी निरोगी आवाज. आठवड्यात पहिल्यांदा त्याला मोकळं वाटलं. बस घाटाच्या पहिल्या चढावर दिसेनाशी होईपर्यंत तो बघत राहिला.

मग तेलकट हात पुसायला त्याने खिशातलं फडकं ओढलं, आणि त्याच्याबरोबर टेबलावर तपासलेलं, परत बसवायचं राहून गेलेलं गाडीचं मीटर त्याच्या हातात आलं.